एकाकी उपासिका आणि ज्यू सणांचे ग्रंथ

परंपरानिष्ठ ज्यू समाजातील सण हे प्राधान्याने कुटुंबाचे सण होत. वल्हांडणाच्या रात्री मूल प्रश्न विचारते व पिता कथा सांगतो. शब्बाथचे दीप गृहिणी उजळते. अशा रचनेत स्वतःच्या घरी एकटी राहणाऱ्या प्रौढ अविवाहितेचे स्थान कोणते? ह्याचे रूढ उत्तर असे, की तिचा काळ हा प्रतीक्षेचा काळ होय. सणांच्या मूळ ग्रंथांकडे पाहता हे उत्तर अपुरे ठरते.

प्रथम विधिशास्त्राचा विचार करू. मिश्नेतील ‘किद्दुशीन’ ह्या प्रकरणानुसार, विशिष्ट काळाशी बांधलेल्या विधायक आज्ञांतून स्त्रिया सामान्यतः मुक्त आहेत. परंतु वल्हांडणाचे चार पेले, पुरीमचे एस्तेर-वाचन आणि हनुक्काचा दीप ह्यांना ताल्मूदने अपवाद केले व तिन्ही ठिकाणी कारण एकच दिले: त्या चमत्कारात स्त्रियाही सहभागी होत्या. ह्या कारणात पत्नी वा माता ह्या नात्याचा उल्लेखही नाही. शब्बाथच्या दिव्याचे बंधनही १२ व्या शतकात मायमोनिडीझने स्त्री-पुरुष दोघांवर सारखेच घातले. ज्या आज्ञांतून स्त्री मुक्त आहे, त्याही ती स्वेच्छेने पाळू शकते. त्यांवर आशीर्वचन म्हणावे की नाही, एवढाच वाद. अश्केनाझी परंपरा त्याला अनुमती देते. १५६५ साली प्रथम छापल्या गेलेल्या ‘शुल्हान आरूख’मधील योसेफ कारोचा निर्णय प्रतिकूल आहे.

भाषेच्या अंगाने अधिक उद्‌बोधक स्थळ ‘पेसाहीम’ प्रकरणात आहे. वल्हांडणाचे प्रश्न पुत्राने विचारावेत. तो असमर्थ असल्यास पत्नीने. तीही नसल्यास मनुष्याने स्वतःच स्वतःला विचारावेत, असा तेथील क्रम. मराठीतील ‘विचारतो’प्रमाणे तेथील हिब्रू क्रियारूपही पुल्लिंगी आहे, एकट्या स्त्रीची कल्पना त्या वाक्याने केलेली नाही. तरीही नियमाचा आशय व्याकरणापेक्षा व्यापक आहे. श्रोता नाही म्हणून प्रश्न लोपत नाही. विचारणारा व उत्तर देणारा एका व्यक्तीत येतात, इतकेच. ज्ञात कथा दुसऱ्यास ऐकवताना पाठांतर पुरते. स्वतःला विचारलेल्या प्रश्नास मात्र पाठ केलेले उत्तर पुरत नाही. एकाकी उपासिकेच्या आत्मविकासाला ह्या विधीत जागा मिळते ती येथे.

रोश हशानाच्या पहिल्या दिवशी वाचली जाणारी हन्नाची कथा ह्याच दिशेने जाते. तिचे ओठ हलतात, स्वर ऐकू येत नाही. पुरोहित एली तिला मद्यधुंद समजतो आणि ती त्याला विनयाने, पण स्पष्टपणे खोडून काढते. ‘बेराखोत’ प्रकरणात प्रार्थनेचे अनेक नियम तिच्याच आचरणावरून काढलेले आहेत. ज्या वर्तनाला अधिकाऱ्याने गैर मानले, तेच पुढे सर्वांसाठी प्रमाण झाले.

ह्यावर एक आक्षेप रास्त आहे. हन्ना विवाहित आहे. तिच्या प्रार्थनेची परिणती पुत्रजन्मात होते. शावुओतला वाचल्या जाणाऱ्या कथेतील विधवा रूथही अखेर पत्नी व माता होते. ह्या कथांना अविवाहितेचे गुणगान मानणे म्हणजे संहितेवर बळजबरी करणे होय. परंतु फलप्राप्ती आणि योग्यता ह्या भिन्न गोष्टी आहेत. एलीला उत्तर देणारी हन्ना अद्याप निपुत्रिक आहे. नामीची साथ न सोडणारी रूथ अद्याप निराधार आहे. दोघींचे श्रेष्ठत्व कथेच्या सुखान्तापूर्वीच सिद्ध झालेले असते.

‘तानीत’ प्रकरणातील वर्णनही ह्या संदर्भात पाहण्याजोगे आहे. अव महिन्याच्या पंधराव्या दिवशी व योम किप्पूरला जेरुसलेमच्या कुमारिका द्राक्षमळ्यांत नृत्य करीत. त्यांची शुभ्र वस्त्रे उसनी असत. जिच्यापाशी वस्त्र नाही तिला लाज वाटू नये, हा हेतू. प्रसंग वरसंशोधनाचाच होता. तथापि निवड कोणाची होईल ह्याआधी कोणाचाही अपमान होऊ नये ह्याची काळजी विधीने घेतली.

समाजाने एकट्या स्त्रीला सणाच्या पंगतीत पाहुणी मानले असेल. तिची कर्तव्ये सांगणाऱ्या ग्रंथांनी तसे मानलेले नाही. तिचा दिवा, तिचे चार पेले आणि तिचा प्रश्न हे आजच तिचे आहेत.