न्यू जर्सीचे ८० सेंट
अमेरिकेत किमान वेतनाचा वाद पेटला की कार्ड आणि क्रूगर यांचा १९९४चा पेपर हमखास बाहेर येतो. एप्रिल १९९२मध्ये न्यू जर्सीने तासाचा दर ४.२५वरून ५.०५ डॉलर केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड दुकानांची तुलना केली, तर नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही.

डिझाइन देखणंच आहे. पण मोजमाप बघा: फोनवर विचारलं, फुलटाइम किती, पार्टटाइम किती, पार्टटाइमवाला अर्धा धरला. तो आठवड्याला १० तास करतो की ३०, कळतच नाही. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांवरून उलटा निष्कर्ष काढला, त्यातला काही डेटा मात्र हॉटेलधंद्याशी जवळीक असलेल्या संस्थेने जमवलेला (लिट रिव्ह्यू करताना हेही वाचायचं असतं!). २०००मध्ये कार्ड-क्रूगरनी सरकारी नोंदी वापरून उत्तर दिलं, मूळ निष्कर्ष बराचसा टिकला.

एवढी उलटतपासणी झेललेला पेपर राजकारणी मात्र भलत्याच कामाला लावतात. यातली वाढ जेमतेम १९ टक्क्यांची, दुसरी पाहणी सात-आठ महिन्यांत उरकलेली. ७.२५वरून १५ डॉलर म्हणजे दुपटीहून जास्त. तिथे हाच पुरावा द्यायचा, तर मधली पायरी कुठाय?