पेंडसे, श्रीपाद नारायण

(५ जानेवारी १९१३–मार्च २००७). प्रख्यात मराठी कादंबरीकार. श्री. ना. पेंडसे ह्या नावाने लेखन. जन्म रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुर्डी ह्या गावी. बालपण मुर्डीस गेले. पुढील शिक्षण मुंबईस. नोकरीचा मोठा काळ मुंबईच्या बेस्ट उपक्रमात व्यतीत झाला. ह्या उपक्रमाचा बेस्ट उपक्रमाची कथा (१९७२) हा इतिहासही त्यांनी लिहिला. खडकावरील हिरवळ (१९४१) हे त्यांचे पहिले पुस्तक व्यक्तिचित्रांचे होते. कादंबरीकार म्हणून त्यांचा उदय एल्गारने (१९४९) झाला. त्यानंतर हद्दपार (१९५०), गारंबीचा बापू (१९५२), हत्या (१९५४), कलंदर (१९५९), रथचक्र (१९६२), लव्हाळी (१९६६), ऑक्टोपस (१९७२), तुंबाडचे खोत (दोन खंड, १९८७) इ. कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. रथचक्र ह्या कादंबरीस १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

पेंडसे ह्यांचा उल्लेख ‘प्रादेशिक कादंबरीकार’ असा करण्याची प्रथा समीक्षेत रूढ झाली. ती अंशतःच योग्य होय. मुळात रत्नागिरी जिल्हा हा एकजिनसी मुलूख नव्हे. मुंबई–गोवा महामार्गावर हातखंब्यास पश्चिमेकडे वळून रत्नागिरी बंदराकडे उतरणारा टापू, त्याच्या दक्षिणेचा राजापूरचा टापू आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून वेगळा झालेला मालवणी बोलीचा प्रदेश ह्यांची शेती, बोली व जातिरचना परस्परांहून भिन्न आहे. पेंडशांचे कोकण ह्यांपैकी कोणतेच नाही. ते दाभोळच्या खाडीच्या उत्तरेचे, हर्णै–मुर्डी–आसूद परिसरातील, पाटाच्या पाण्यावर जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या आगरांचे कोकण आहे. एवढ्या आखूड पट्ट्यातून त्यांनी आपली बहुतेक महत्त्वाची माणसे उचलली. मात्र निसर्गवर्णनासाठी निसर्ग त्यांच्या चांगल्या लेखनात सहसा येत नाही. डोंगर आणि समुद्र ह्यांच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीने वसलेल्या गावात कोणालाच कोणापासून लपता येत नाही. त्यांच्या कथानकांतील ताण ह्या दाटीतून निर्माण होतो. गो. नी. दांडेकर ह्यांच्या पडघवलीत (१९५५) ओसाड होत चाललेल्या खेड्याविषयी जी हळहळ आहे, तिचा पेंडशांच्या लेखनात जवळजवळ अभाव आहे. गावाविषयी त्यांना ममत्व आहे, भाबडेपणा नाही.

एल्गारमध्ये हर्णै परिसरातील हिंदू-मुसलमानांचे पिढीजात संबंध आणि नौखालीच्या दंगलीनंतर त्यांवर पडलेली सावली हा विषय आहे. हद्दपारमधील राजेमास्तर हा ध्येयनिष्ठ शिक्षक मराठी वाचकांच्या स्मरणात राहिला. तथापि ह्या दोन्ही कादंबऱ्यांत लेखकाची सहानुभूती काहीशी उघड आहे. गारंबीचा बापूमध्ये ती दिसेनाशी झाली व पेंडशांना आपला खरा विषय गवसला. गावातील प्रबळ अण्णा खोताच्या घरी राबणाऱ्या विठोबाचा मुलगा बापू हा उनाड, उद्धट व निर्भय आहे. रावजीच्या हॉटेलातील राधेशी तो उघडपणे संबंध ठेवतो, गावाचा बहिष्कार अंगावर घेतो आणि पुढे पैसा व प्रतिष्ठा मिळवून त्याच गावाला आपली दखल घ्यावयास लावतो. बापूचे बंड तत्त्वासाठी नाही. ते त्याच्या स्वभावाचा भाग आहे. म्हणून ते पटते. राधा ही तत्कालीन मराठी कादंबरीतील एक विलक्षण स्त्री होय. ती पश्चात्ताप करीत नाही व लेखकही तिच्याकडून तो करवून घेत नाही. १९५२ मध्ये मध्यमवर्गीय वाचकांसमोर असे पात्र दयेची याचना न करता उभे करणे, हे धाडसाचे होते. अनेक वर्षांनी पेंडशांनी गारंबीची राधा (१९९३) लिहून ह्या कथेकडे पुन्हा वळून पाहिले. परंतु मूळ कादंबरीची धग तीत उतरली नाही.

ह्या कादंबऱ्यांचा काळ ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोकणात खोत हा सरकार व कूळ ह्यांच्यामधील वंशपरंपरागत मध्यस्थ असे. तो कुळांकडून धान्याचा वाटा घेई, सरकारचा सारा भरी व कुळांकडून वेठही घेई. १८८० च्या खोती कायद्याने त्याचे हक्क नियमबद्ध केले. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. म्हणजे पेंडसे लिहू लागले तेव्हा खोतांची सत्ता कायद्याने संपत होती. दरारा मात्र टिकून होता. हा विरतानाचा दरारा त्यांनी फार बारकाईने टिपला आहे. परंतु तो टिपला आहे वाड्याच्या ओटीवरून. खोत, भट, भिक्षुक, त्यांच्या आश्रयाने राहणारी माणसे आणि त्यांच्या घरांतील स्त्रिया ह्यांच्या अंतरंगात त्यांचा प्रवेश सहज होतो. भात पिकवून ओटीपर्यंत आणून टाकणाऱ्या कुळाच्या मनात तो क्वचितच होतो. खोतीवरील मराठीतील सर्वांत मोठी कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाबाबत ही उणीव किरकोळ मानता येणार नाही. ती लेखकाच्या निष्ठेची नव्हे, अनुभवकक्षेची उणीव आहे, एवढेच म्हणता येते.

रथचक्र ही पेंडशांची सर्वांत बंदिस्त व बहुधा सर्वश्रेष्ठ कादंबरी होय. तिच्या नायिकेला नाव नाही. ती केवळ ‘ती’ आहे. नवरा घर सोडून गेलेला; एकत्र कुटुंबात कष्टाला अंत नाही आणि अधिकार कसलाच नाही. मुलाला शिकवून माणूस करण्याच्या एकाच ईर्षेने ती त्या कुटुंबाबाहेर पडते. ती ज्या शक्तींशी झगडते, त्यांत दुष्ट असा कोणी नाही; जो तो आपापल्या परीने बरोबर असतो आणि त्यामुळेच तिची कोंडी पूर्ण होते. अखेरीस ती आत्मघात करते. टॉमस हार्डीच्या नियतिवादाशी ह्या कादंबरीची तुलना होते. ती अगदीच गैरलागू नाही, परंतु येथील नियती आकाशातून येत नाही. ती चुलीपाशी, माजघरात, धान्याच्या मापात वावरते. उद्धव शेळके ह्यांची धग (१९६०) दोनच वर्षे आधी प्रसिद्ध झाली. वऱ्हाडातील कौतिक आणि कोकणातील ही अनामिका ह्या दोघी नवऱ्याच्या आधाराविना संसार ओढतात. कौतिकचे दारिद्र्य अन्नाचे आहे. हिचे मुख्यतः मानाचे. मराठी कादंबरीला कुटुंबाच्या पोटातील क्रौर्य इतक्या जवळून दाखविणाऱ्या ह्या दोन कृती एका पाठोपाठ याव्यात, हा केवळ योगायोग नसावा.

कोकणाबाहेर पडताना पेंडशांनी रचनेचे प्रयोग केले. लव्हाळी ही महायुद्धकालीन मुंबईतील एका सामान्य कारकुनाची रोजनिशी आहे. मोठ्या घटना दूरवरून ऐकू याव्यात आणि भाडे, बढती, आजार ह्यांनी पाने भरावीत, ही तिची योजना अभिनव आहे. महानगरी नोकरदाराच्या जीवनाशी लेखकाचा दीर्घ परिचय येथे उपयोगी पडला. ती गारंबीचा बापूइतकी वाचली गेली नाही. तिला अधिक वाचक मिळावयास हवे होते. ऑक्टोपससारख्या नंतरच्या नागर कादंबऱ्यांत मनोविश्लेषणाचा सोस जाणवतो.

तुंबाडचे खोत ही जगबुडी नदीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची बृहत्कथा. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी लेखकाने एवढा विस्तार पेलला, हे विशेष होय. उन्मत्त सत्ता, वासना, शौर्य, विद्याव्यासंग आणि ऱ्हास ह्यांचे पिढ्यान्‌पिढ्या बदलणारे मिश्रण त्यांनी दाखविले आहे. तिच्यात अद्भुताचा व योगायोगांचा भरणा आहे. काही प्रकरणे कमी केली असती तर कादंबरीचे काही बिघडले नसते. तरीही तिची पकड सुटत नाही, कारण खोतांच्या रक्तातील रग लेखकाला आकर्षितही करते व भेडसावतेही. २०१८ च्या तुंबाड ह्या हिंदी चित्रपटाने केवळ नाव येथून घेतले. त्याचे कथानक वेगळे आहे.

पेंडशांची भाषा आखूड वाक्यांची व संवादप्रधान आहे. चित्पावनी वळणाचे खोचक, तिरकस बोलणे त्यांच्याइतक्या अचूकपणे फार थोड्यांनी पकडले. ह्या संवादशक्तीमुळे ते नाटकाकडे वळले. राजेमास्तर (१९६४) हे हद्दपारवरून, तर गारंबीचा बापू (१९६५) त्याच नावाच्या कादंबरीवरून केलेले नाटक. काशीनाथ घाणेकर ह्यांनी रंगविलेल्या बापूमुळे दुसरे विशेष लोकप्रिय झाले. १९८० मध्ये त्याच कथेवर चित्रपटही निघाला. रथचक्रचेही नाट्यरूपांतर झाले. महापूर, संभूसांच्या चाळीत, असं झालं आणि उजाडलं ही त्यांची अन्य नाटके. रंगभूमीवर त्यांच्या माणसांभोवतीचे गाव मात्र गळून पडते व बापू निव्वळ नायक उरतो. जुम्मन हा कथासंग्रह आणि लेखक आणि माणूस हे आत्मपर लेखन उल्लेखनीय आहे. गारंबीचा बापूचा इअन रेसाइड ह्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. पेंडसे ह्यांचे निधन मुंबईस झाले.