नोकरी सोडली की सुटली?

‘मुलासाठी तिने नोकरी सोडली.’ हे वाक्य आमच्या घरांत सहज बोलले जाते. वाक्यातली कर्ती ती आहे, म्हणून निर्णयही तिचाच, असे ऐकणारा धरून चालतो. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील दोन लेखिका शेजारी ठेवून वाचाव्यात असे आम्हाला वाटते.

ऑक्टोबर २००३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये लिसा बेल्किन यांचा ‘द ऑप्ट-आउट रिव्होल्यूशन’ हा लेख आला. प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठात शिकलेल्या स्त्रिया वकिली आणि मोठ्या पगाराच्या नोकऱ्या सोडून मुलांसाठी घरी परतत आहेत, ही त्यातली हकिकत. आपण मूठभर सुस्थित स्त्रियांबद्दल लिहीत आहोत, हे लेखिकेने प्रामाणिकपणे सांगितले. पण शीर्षकात ‘क्रांती’ आली आणि चर्चा त्या एका शब्दावरच रंगली.

पामेला स्टोन या समाजशास्त्रज्ञ. नोकरी सोडलेल्या ५४ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेले त्यांचे ‘ऑप्टिंग आउट?’ हे पुस्तक २००७ मध्ये आले. नावातले प्रश्नचिन्हच पुस्तकाचे मर्म आहे. या स्त्रियाही ‘आम्ही निवड केली’ असेच म्हणतात. पण पुढे बोलू लागल्या की दुसरेच चित्र दिसते. कामाचे तास संपत नाहीत. अर्धवेळ काम मागितले तर मिळत नाही, मिळाले तर महत्त्वाची जबाबदारी जाते. नवरा ‘तू ठरव, मी तुझ्या पाठीशी आहे’ म्हणतो. आपल्या कामाची वेळ मात्र बदलत नाही. मुलाची ओढ खरीच होती, पण दार आतून जेवढे ओढले गेले त्याहून जास्त बाहेरून ढकलले गेले.

स्टोन यांचे निरीक्षण आम्हाला पटते. त्याची मर्यादाही दिसते. त्यांच्या बहुतेक स्त्रिया गोऱ्या आणि सुखवस्तू आहेत. एका पगारात त्यांचे घर चालते. आमच्याकडची परिचारिका किंवा विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका घरी बसते तेव्हा घरभाड्याचाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली, तीही बिनपगारी. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराची अट घातली. पण छोट्या दवाखान्यात, छोट्या शाळेत पन्नास माणसे असतात कुठे? तिथे पाळणाघर म्हणजे दादी किंवा नानी. तिचे गुडघे थकले की सुनेची नोकरी संपते.

आणि इथे आमची तक्रार आमच्याच साहित्याशी आहे. मुलगी शिकावी म्हणून झगडणारी अम्मी आमच्या कथांतून आली, पहिल्या पगाराचा आनंदही आला. राजीनामा लिहिला जातो ती रात्र मात्र फारशी येत नाही. कोण काय बोलले, कोण गप्प राहिले, हे लिहिल्याशिवाय त्या वाक्याचा खरा कर्ता सापडणार नाही.

मूल वाढवणे हे हलके काम नव्हे. जी ते मनापासून निवडते तिचा आम्ही आदरच करतो. पण निवड म्हणायची तर समोर दोन वाटा हव्यात. जिथे एकच वाट उरते, तिथे नोकरी सोडली असे म्हणू नये. ती सुटली म्हणावे.