स्नोडेन, एल्मर

(९ ऑक्टोबर १९००–१४ मे १९७३). अमेरिकन बँजोवादक व जॅझ संगीतातील एक आद्य वृंदप्रमुख. जन्म मेरिलंड राज्यातील बॉल्टिमोर येथे. १९१५ च्या सुमारास पियानोवादक यूबी ब्लेक याच्याबरोबर त्याने वादन केले. पुढे तो वॉशिंग्टनमधील वादकांच्या वर्तुळात आला.

१९२३ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ‘वॉशिंग्टोनियन्स’ हा छोटा वृंद न्यूयॉर्क येथे स्थिरावला. पियानोवादनासाठी योजिलेला फॅट्स वॉलर न मिळाल्याने ड्यूक एलिंग्टनला पाचारण करण्यात आले. टाइम्स स्क्वेअरजवळील हॉलिवुड क्लबमध्ये वृंदाची नियुक्ती झाली. ट्रंपेटच्या गुरगुरत्या ध्वनीसाठी प्रसिद्ध असलेला बबर माइली याच काळात वृंदात आला. हा ध्वनी पुढे एलिंग्टनच्या संगीताचे व्यवच्छेदक लक्षण ठरला. १९२४ च्या आरंभी पैशाच्या वादातून स्नोडेन बाहेर पडला व वृंदाची धुरा एलिंग्टनकडे गेली. परिणामतः जॅझच्या इतिहासात स्नोडेनचा उल्लेख बहुधा एलिंग्टनच्या चरित्राची प्रस्तावना म्हणूनच येतो. हे मूल्यमापन अपुरे आहे.

त्यानंतर दशकभर स्नोडेनने न्यूयॉर्कमध्ये अनेक वृंद चालविले. काउंट बेसी, जिमी लन्सफर्ड, बेनी कार्टर, रेक्स स्ट्यूअर्ट, रॉय एल्ड्रिज यांसारखे वादक त्याच्या हाताखालून गेले. गुणी वादक ओळखण्याची त्याची दृष्टी यातून प्रत्ययास येते. हार्लेममधील स्मॉल्स पॅरडाइस येथील त्याचा वृंद स्मॅश युअर बॅगेज (१९३२) या लघुचित्रपटात दिसतो. मात्र वृंदप्रमुख म्हणून त्याच्या ध्वनिमुद्रिका फारच थोड्या निघाल्या. जॅझचा इतिहास मुख्यतः ध्वनिमुद्रिकांच्या आधारे लिहिला गेल्याने ज्याचे कार्य रंगमंचावरच संपले, त्याची उपेक्षा झाली.

तथापि हे एकच कारण नव्हे. एलिंग्टनने प्रत्येक वादकाच्या ध्वनिवैशिष्ट्यानुसार रचना केल्या; त्यामुळे वादक बदलले, तरी वृंदाचे व्यक्तिमत्त्व टिकून राहिले. स्नोडेनकडे स्वतःचे असे रचनाभांडार नव्हते. त्याच्या वृंदाचे वैभव वादकांच्या गुणांवर अवलंबून होते व वादक पांगताच ते ओसरले.

त्याच्या वाद्याचे भाग्यही असेच पालटले. चामड्याने मढविलेल्या बँजोचा टणत्कारी नाद ध्वनिवर्धकाविना मोठ्या नृत्यगृहात ऐकू जाई आणि विद्युत् तंत्रापूर्वीच्या ध्वनिमुद्रणातही तो ठळक उमटे. सूक्ष्मध्वनिग्राहकाचा वापर वाढल्यावर गिटारचा मृदू ठेका अधिक मानवला व १९३० च्या सुमारास वृंदांतून बँजो मागे पडला.

१९३० नंतरच्या दशकात स्नोडेन फिलाडेल्फिया येथे गेला. तेथे संगीताचे शिक्षण देऊन व पुढे मोटारींच्या वाहनतळावर नोकरी करून त्याने चरितार्थ चालविला. नभोवाणी-निवेदक क्रिस अल्बर्टसन याने त्याचा शोध घेतल्यावर १९६० मध्ये हार्लेम बँजो ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. त्याच वर्षी गायक-गिटारवादक लॉनी जॉन्सन याच्याबरोबरही त्याने ध्वनिमुद्रण केले. हार्लेम बँजोमध्ये केवळ ठेका धरणारा बँजो नव्हे, तर चाल पुढे नेणारे व तिचा विस्तार करणारे एकलवाद्य ऐकू येते. तीत एलिंग्टनची ‘सी जॅम ब्लूज’ ही रचनाही आहे.

पुढे त्याने कॅलिफोर्नियात अध्यापन केले आणि १९६७ मध्ये यूरोपचा दौरा केला. फिलाडेल्फिया येथे त्याचे निधन झाले. रचनाकाराइतकाच वृंद जुळविणाराही कलेचा इतिहास घडवितो, याची साक्ष त्याच्या कारकीर्दीतून मिळते.