प्रशिक्षणाची कसोटी : ग्रंथपाल, अध्यापक आणि ऑनलाइन वर्ग

ग्रंथपालांच्या व अध्यापकांच्या व्यावसायिक विकासासाठी आज जितकी साधने उपलब्ध आहेत, तितकी यापूर्वी कधीच नव्हती. वर्गीकरणाचे पाठ घरबसल्या ऐकता येतात, दूरच्या विद्यापीठातील तज्ज्ञाचे व्याख्यान हवे तेव्हा पाहता येते आणि परीक्षाही प्रवास न करता देता येते. परंतु साधने वाढली म्हणजे विद्या वाढली, हे अनुमान तर्काला धरून नाही. कोणत्याही प्रशिक्षणपद्धतीचा विचार करताना ती किती जणांपर्यंत पोचली, हा एक प्रश्न असतो. आणि ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांच्या कामात तिने कोणता पालट घडविला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आकड्यांनी देता येते, म्हणून तो वारंवार विचारला जातो. दुसऱ्याचे उत्तर ग्रंथालयात आणि वर्गात जाऊन शोधावे लागते, म्हणून तो बहुधा मागे पडतो. ऑनलाइन प्रशिक्षणाची चिकित्सा या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाची पूर्वपीठिका पाहिल्यास एक गोष्ट प्रामुख्याने नजरेत भरते. भारतातील ग्रंथपालन-शिक्षणाचा उगम ग्रंथालयाच्या प्रत्यक्ष व्यवहारातून झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि १९११ मध्ये तेथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. संस्थानातील ग्रंथालयांचे जाळे आणि ते चालविणाऱ्या माणसांचा वर्ग ही दोन्ही तेथे एकाच काळात आकार घेत होती. शिकलेले उपयोगात आणावयाचे कोठे, हा प्रश्न त्या विद्यार्थ्यांपुढे नव्हता. १९१२ पासून बडोद्याहून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजराती यांच्या जोडीने मराठीलाही स्थान होते. व्यवसायाची चर्चा ज्या वाचकांसाठी करावयाची, त्यांच्या भाषेतही ती झाली पाहिजे, हे भान त्यामागे होते.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. गणिताचे हे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथपालनाच्या अभ्यासासाठी गेले. तेथील अध्यापक बर्विक सेयर्स हे स्वतः क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. वर्गातील अध्यापनाला रंगनाथनांनी इंग्लंडमधील शंभराहून अधिक ग्रंथालयांच्या निरीक्षणाची जोड दिली. प्रचलित वर्गीकरण-पद्धतींविषयी त्यांच्या मनात जे असमाधान उत्पन्न झाले, आणि ज्यातून पुढे १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले, ते केवळ पुस्तकी अभ्यासाचे फळ नव्हते. प्रत्यक्ष ग्रंथालयांतील मांडणी डोळ्यांखालून गेल्यानेच सिद्धान्तातील उणिवा त्यांना जाणवल्या. १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने सुरू केलेल्या वर्गामागे हाच अनुभव होता. १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांचा रोख पाहिला, तर त्यांत ग्रंथपालाच्या अर्हतेपेक्षा वाचकाच्या गरजेला अग्रस्थान आहे, हे सहज ध्यानात येते. ग्रंथ आणि वाचक यांची गाठ पडली की नाही व ती वेळेवर पडली की नाही, याच मापाने ग्रंथालयाची प्रत्येक कृती मोजावी, असा त्या विवेचनाचा आशय आहे. प्रशिक्षण ही ग्रंथालयाचीच एक कृती असल्यामुळे तिलाही तेच माप लावणे न्याय्य ठरते.

जुन्या व्यवस्थेचे अवास्तव गुणगान करण्याचे मात्र कारण नाही. तिचा लाभ मूठभरांनाच मिळत असे. लंडनला जाणे दूरच राहो, जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या वर्गाला जाणेही अनेकांना दुरापास्त होते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अ, ब, क, ड अशा वर्गवारीतील ग्रंथालयांची व्यवस्था निर्माण केली आणि कालांतराने शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली. यांपैकी ड वर्गातील गावच्या ग्रंथालयात बहुधा एकच माणूस कपाटे उघडतो, देवघेव सांभाळतो, दाखल नोंदवही लिहितो आणि वर्तमानपत्रांच्या घड्याही घालतो. तो दोन आठवडे प्रशिक्षणास गेला, तर ग्रंथालयाला कुलूप लागते. घर आणि नोकरी अशी दुहेरी जबाबदारी वाहणाऱ्या स्त्री-कर्मचाऱ्यांची अडचण याहूनही मोठी असते. अशांच्या दाराशी शिक्षण नेऊन पोचविणे, ही ऑनलाइन वर्गांची निर्विवाद कामगिरी होय. तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेली टीका एकांगी ठरेल.

तथापि पोचण्याच्या या सोयीबरोबर आणखी एक प्रवाह येऊन मिळाला, आणि अडचणीचे मूळ तेथे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांसाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन केली. त्यांतील उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग यांचा संबंध पदोन्नतीशी जोडला गेला आणि महाविद्यालयीन ग्रंथपालांनाही तीच चौकट लागू झाली. २०१५ मध्ये या संस्थांचे मानव संसाधन विकास केंद्र असे नामांतर झाले, तर २०२३ मध्ये त्यांना मालवीय मिशनच्या योजनेत नवे रूप मिळाले. दरम्यान २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. २०१८ मध्ये ‘अर्पित’ या योजनेखाली अध्यापकांसाठी चाळीस तासांचे उजळणी पाठ्यक्रम त्यावर आले आणि ते परीक्षेसह पूर्ण करणे हे पदोन्नतीच्या दृष्टीने उजळणी वर्गाच्या बरोबरीचे मानले गेले. २०२० च्या महासाथीने उरलासुरला संकोचही दूर केला. व्याख्याने, कार्यशाळा, चर्चासत्रे सारीच पडद्यावर आली आणि प्रमाणपत्रांचा सुकाळ झाला.

शिकण्याला पदोन्नतीची जोड देण्यात तत्त्वतः वावगे काही नाही. श्रमाचे चीज व्हावे, ही अपेक्षा रास्तच आहे. जोड मिळाल्याने अभ्यासक्रम पुरा करण्याची वृत्तीही बळावते. हार्वर्ड व एम.आय.टी. यांच्या ऑनलाइन पाठ्यक्रमांविषयी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी शेकडा तीनांच्या आसपासच व्यक्तींनी पाठ्यक्रम पूर्ण केला होता. शुल्क भरून प्रमाणपत्राचा मार्ग पत्करणाऱ्यांत मात्र हेच प्रमाण शेकडा चाळिसांहून अधिक होते. काही पणाला लावलेले असले म्हणजे मनुष्य नेटाने शेवट गाठतो, असा याचा अर्थ लावता येईल. परंतु शेवट गाठणे आणि कार्यक्षम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्रफीत संपली याची नोंद यंत्र ठेवते. ती पाहणारा तिच्यातून काय घेऊन उठला, याची नोंद ते ठेवू शकत नाही. चार पर्यायांतून एक निवडावयाच्या चाचणीत स्मरणाची परीक्षा होते. निर्णयाची होत नाही. आणि ग्रंथपालाचे काम तर पदोपदी निर्णयाचे असते.

हे विधान पडताळून पाहण्यासाठी मराठी ग्रंथांच्या तालिकीकरणाचे उदाहरण घेता येईल. तालिकीकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांवरील एखादा इंग्रजी पाठ्यक्रम कितीही सुरचित असला, तरी ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली नोंद करावी की ‘शिरवाडकर’ या आडनावाखाली, आणि दोहोंमध्ये संदर्भनोंदीचा दुवा कसा ठेवावा, हे त्यातून आपोआप उलगडत नाही. राम गणेश गडकऱ्यांची कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे तर तीन नावांची मोट बांधावी लागते. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी वाङ्मयाला ८९१.४६ हा अंक आहे आणि पुढे काव्य, नाटक, कादंबरी अशी विभागणी होते. परंतु बखर ही इतिहासाच्या कपाटात जाणार की गद्य वाङ्मयाच्या, याचा निर्णय पुस्तकातील तक्ता देत नाही. तो त्या ग्रंथालयाचा वाचक कोण, यावर अवलंबून राहतो.

संगणकीकरणामुळे ही अडचण कमी न होता एका अर्थी वाढली आहे. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम स्वीकारले गेले आणि अनुच्चारित अनुस्वार गळाले. त्यापूर्वीच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘कांहीं’ असे छापलेले असते आणि आजचा विद्यार्थी ‘काही’ असे टंकित करून शोध घेतो. नोंद करणाऱ्याने दोन्ही रूपांची सोय केली नसेल, तर ग्रंथ कपाटात असूनही पडद्यावर सापडत नाही. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातील र-काराची डोळ्यांना एकच दिसणारी आकृती संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारांनी साठविता येते, आणि ज्या प्रणालीत यांचा मेळ घातलेला नाही तेथे एका प्रकाराने केलेला शोध दुसऱ्या प्रकारच्या नोंदीपर्यंत जात नाही. युनिकोडपूर्व टंकांत भरलेल्या नोंदींची तऱ्हा तर आणखी निराळी. कोहा, सोल किंवा ई-ग्रंथालय या प्रणाली चालविण्याचे शिक्षण घेतलेला ग्रंथपाल नोंद भरू शकेल. ती नोंद वाचकाला सापडेल की नाही, हे मात्र त्याला स्वतःच्या संग्रहावर पुनःपुन्हा शोध घेऊनच कळेल. येथे पणाला लागते ते ग्रंथपालाचे प्रमाणपत्र नव्हे. ‘आमच्याकडे हा ग्रंथ नाही’ असे उत्तर ऐकून परत जाणारा संशोधक आणि कपाटात धूळ खात पडलेला त्याचा ग्रंथ, या दोघांची हानी होते, आणि तिची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

अध्यापकांच्या प्रशिक्षणातही हेच दिसते. शालेय शिक्षकांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेला ‘निष्ठा’ हा कार्यक्रम २०२० च्या ऑक्टोबरपासून ‘दीक्षा’ या व्यासपीठावर ऑनलाइन आला. त्याचा विस्तार प्रचंड होता आणि त्या काळात तो आवश्यकही होता. परंतु मुलांना प्रश्न विचारावयास कसे उद्युक्त करावे, हा पाठ ऐकणे आणि चाळीस मुलांच्या वर्गात तसे करून पाहणे यांमधील अंतर त्या शिक्षकाला एकट्यानेच कापावे लागते. शिवाय ग्रंथपाल आणि अध्यापक यांचे प्रशिक्षण परस्परांपासून सर्वस्वी अलग ठेवले जाते, हा दोष फारसा कोणाच्या ध्यानात आलेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला संदर्भग्रंथ कसा हाताळावा हे अध्यापकाने सांगावयाचे आणि ग्रंथपालाने दाखवावयाचे असते. दोघे एकाच विद्यार्थ्यासाठी झटत असतात. तरी एकत्र शिकण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो. अध्यापकाचा ग्रंथपाल झालेल्या रंगनाथनांच्या कार्याचा वारसा सांगणाऱ्या देशात ही फारकत विशेष खटकते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, हे दोष समोरासमोरच्या वर्गांतही होतेच; तेथेही हजेरीपटावर सही करून डुलक्या घेणारे होते आणि प्रमाणपत्र त्यांनाही मिळत होते. आक्षेप यथार्थ आहे. त्यावरून एवढेच सिद्ध होते की, दोषाचे मूळ माध्यमात नसून मोजमापात आहे. मात्र समोरासमोरच्या वर्गात भोजनाच्या सुट्टीत का होईना, एका ग्रंथपालाची अडचण दुसऱ्याच्या कानी पडत असे आणि वर्गाबाहेरचे ते शिक्षण पुष्कळदा वर्गातल्याहून टिकाऊ ठरे. पडद्यावरील वर्गात ही संधी आपोआप मिळत नाही; ती योजनापूर्वक निर्माण करावी लागते. ‘स्वयम्’च्या रचनेत चर्चेला स्वतंत्र अंग म्हणून स्थान दिलेले आहे, हे योजकांना या उणिवेची जाणीव असल्याचेच द्योतक होय. परंतु चर्चेला मूल्यमापनात वजन नसेल, तर त्या अंगाकडे शिकणारा वळतोच असे नाही.

तेव्हा ऑनलाइन प्रशिक्षणाचा त्याग करणे हा उपाय नव्हे. त्याला ग्रंथालयाशी व वर्गाशी पुन्हा जोडणे हा आहे. याकरिता तीन गोष्टी अगत्याच्या दिसतात. एक तर, प्रत्येक पाठ्यक्रमातील स्वाध्याय शिकणाऱ्याच्या स्वतःच्या संग्रहावर आधारलेला असावा. शंभर मराठी ग्रंथांच्या नोंदी जुन्या व नव्या दोन्ही लेखनरूपांनी शोधून पाहाव्यात, न सापडलेल्या नोंदी दुरुस्त कराव्यात आणि दुरुस्तीचे टिपण सादर करावे, असा स्वाध्याय कोणत्याही बहुपर्यायी चाचणीपेक्षा अधिक शिकवील. दुसरे असे की, पाच-सात ग्रंथालयांच्या गटामागे एक अनुभवी मार्गदर्शक असावा, त्याचे विवेचन मराठीत असावे आणि गटात जवळपासच्या महाविद्यालयातील अध्यापकांनाही स्थान मिळावे. जिल्हा ग्रंथालय संघ व विद्यापीठांचे ग्रंथालयशास्त्र विभाग यांनी मनावर घेतल्यास हे अशक्य नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, प्रमाणपत्र पाठ्यक्रमाच्या अखेरीस न देता सहा महिन्यांनी द्यावे; आणि या मुदतीत ग्रंथालयाच्या व्यवहारात झालेला एखादा तरी पालट दाखविण्याची अट त्याला असावी. यामुळे प्रमाणपत्रांची संख्या घटेल, हे उघड आहे. ही घट प्रशिक्षणाचे अपयश म्हणून नोंदविण्याचा मोह प्रशासनाला आवरावा लागेल, आणि या सूचनेतील खरी अडचण तीच आहे.

प्रशिक्षित ग्रंथपालांची संख्या किती, या प्रश्नाचे उत्तर आज क्षणात मिळू शकते. त्यांच्या ग्रंथालयांतून रिकाम्या हाताने परतणाऱ्या वाचकांची संख्या प्रशिक्षणानंतर घटली का, याचे उत्तर मिळण्याची व्यवस्था अद्याप करावयाची आहे. ती करणे हे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर संशोधनाला अगदी साजेसे काम आहे. त्यासाठी मोठे अनुदान किंवा नवी यंत्रणा लागत नाही. देवघेवीच्या मेजावर एक वही ठेवून, मागितलेला आणि न सापडलेला प्रत्येक ग्रंथ तीत लिहिला, तरी आरंभ होऊ शकतो.