‘स्थानिक भाषा’ म्हणजे कोणती? : सामुदायिक नभोवाणीच्या धोरणाचे भाषिक परीक्षण

लघुशक्ती नभोवाणीसंबंधीच्या चर्चेत तंत्रज्ञ कंप्रतेविषयी बोलतात, विधिज्ञ परवान्याविषयी बोलतात, आणि समाजकार्यकर्ते सहभागाविषयी बोलतात. ज्या भाषेतून हे सर्व साधावयाचे, तिच्याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. वस्तुतः भारत सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत भाषेसंबंधी स्पष्ट कलमे आहेत. ती वाचताना एखादे निश्चित गाव समोर ठेवले, तर त्यांतील गृहीते उघडी पडतात. कामठी हे असे एक गाव होय.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निर्णय दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांच्या नियमनासाठी स्वायत्त प्राधिकरण स्थापिले जावे. न्या. पी. बी. सावंत यांचे निकालपत्र या दृष्टीने प्रसिद्धच आहे. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परिसर-केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली, आणि २००६ च्या नोव्हेंबरात ती ना-नफा संस्थांपर्यंत वाढविण्यात आली. २००८ साली आजच्या तेलंगणात दलित स्त्रियांनी चालविलेले ‘संगम रेडिओ’ आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही केंद्रे सुरू झाली. २०२४ साली ही तत्त्वे सुधारण्यात आली व जाहिरातींचा अवधी ताशी बारा मिनिटांपर्यंत गेला. मात्र या सर्व प्रवासात स्वतंत्र कायदा झाला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अमेरिकेत शंभर वॉटच्या केंद्रांची योजना २००० साली आली, त्याच वर्षी विधिमंडळाने तिला आवर घातला, आणि २०११ च्या जानेवारीत स्वाक्षरी होऊन कायदा झालेल्या ‘लोकल कम्युनिटी रेडिओ ॲक्ट’ने तो आवर सैल केला. तेथील वाद विधिमंडळात लढला गेला. आपल्याकडील तत्त्वे मंत्रालयाच्या लेखणीने बदलतात. म्हणूनच त्या लेखणीतील शब्दांची छाननी अधिक निकडीची ठरते.

तत्त्वांनुसार केंद्राने ‘विशिष्ट व सुनिश्चित’ अशा स्थानिक समुदायाची सेवा करावयाची असते. प्रेषकाची परिणामी शक्ती शंभर वॉट, आणि २००६ च्या तत्त्वांत अपेक्षिलेला टप्पा पाच ते दहा किलोमीटर. म्हणजे हा समुदाय व्यवहारात एका वर्तुळाने निश्चित होतो. पाच किलोमीटरची त्रिज्या धरली तर सुमारे ७८, आणि दहाची धरली तर सुमारे ३१४ चौरस किलोमीटर. कामठीच्या छावणीपासून असे मोठे वर्तुळ काढल्यास त्यात कोण कोण येतात ते पाहावे. १८२१ च्या सुमारास वसलेल्या छावणीभोवती वाढलेली बहुभाषी बाजारपेठ येते. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांच्या उर्दू बोलणाऱ्या वस्त्या येतात. हलबा कोष्टी येतात. नदीपलीकडील कन्हान, आणि कोळसाखाणींच्या निमित्ताने आलेले हिंदी भाषक येतात. नागपूरच्या उत्तरेकडील काही वस्त्याही येतात. भोवतालच्या खेड्यांत नागपुरी मराठी नांदते. लहरींना हे सर्व एकच क्षेत्र; भाषेला ते तसे नाही.

कार्यक्रम ‘शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत’ असावेत, असे तत्त्वे सांगतात. ‘भाषा’ एकवचनी आहे. एका स्थळी एक भाषा आणि तिच्या पोटी बोली, असे चित्र त्यामागे दिसते. कामठीत हे चित्र टिकत नाही. येथील नागपुरी बोलीत ‘पोराले’ हे चतुर्थीचे रूप चालते, आणि ‘जाऊन राहिला’ ही चालू क्रियेची रचना चालते. ही रचना हिंदीच्या ‘जा रहा है’शी समांतर असून तिचा वक्ता दिवसातून अनेकदा दोन्ही भाषांत ये-जा करीत असतो. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात नागपुरीची नोंद मराठीच्या अंतर्गत केली, ते वर्गीकरण योग्यच आहे. परंतु वर्गीकरणाची रेषा आणि श्रोत्याचा कान एकाच ठिकाणी थांबत नाहीत. ‘शक्यतो’ हा शब्द तर कोणत्याही केंद्राला प्रमाण मराठीचा अथवा चित्रपटी हिंदीचा आश्रय घेण्यास पुरेसा आहे.

याहून गंभीर प्रश्न बातम्यांचा आहे. बातम्या व चालू घडामोडी यांवर २००६ पासून बंदी होती. आता आकाशवाणीकडून मिळालेल्या बातम्या मूळ स्वरूपात किंवा स्थानिक भाषेत अथवा बोलीत भाषांतरित करून देता येतात. भाषांतरात विपर्यास होऊ न देण्याची जबाबदारी केंद्राची. वीज, पाणी, साथीचे रोग यांविषयीच्या सूचना चालतात, मात्र त्या स्थानिक प्रशासनाने पुरविलेल्या असाव्या लागतात. ही सवलत उदार वाटते, पण तिचा भाषिक आशय काहीसा चमत्कारिक आहे. बोलीला बातमी ऐकण्याचा अधिकार मिळाला, सांगण्याचा नाही. बोली ही भाषांतराची लक्ष्यभाषा ठरली. उगमभाषा होण्याची तिला बंदी आहे.

शिवाय ‘विपर्यास’ कोणी व कसा ठरवावयाचा? ‘निर्णय घेण्यात आल्याचे सांगण्यात आले’ असे वाक्य प्रमाण बातमीपत्रात सहज येते; त्यात निर्णय घेणारा नाही आणि सांगणाराही नाही. बोलीत ते आणावयाचे तर कर्ता द्यावा लागतो : ‘सरकारनं ठरवलं म्हनते’. येथील ‘म्हनते’ हा ऐकीव माहितीचा निदर्शक होय. बोलणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रामाणिकपणा आहे. तपासनिसाच्या दृष्टीने तो संशय पसरविणारा शब्द ठरू शकेल. कर्ता गाळला तर बोली मोडते, घातला तर बातमी बदलते. ज्याने हे कलम लिहिले त्याच्या मनात भाषांतर म्हणजे शब्दास शब्द एवढीच कल्पना असावी.

बंदीच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते, की लहान केंद्राकडे बातमीची शहानिशा करण्याची यंत्रणा नसते, आणि संमिश्र वस्तीत एक चुकीचे वाक्य अनर्थ घडवू शकते. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. कामठीसारख्या गावात तर नाहीच. परंतु मुद्रित साप्ताहिकाला हीच भीती लागू असून त्याच्यावर अशी सरसकट बंदी नाही. याच कामठीचे, बिडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी नियतकालिक चालविले होते, आणि ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. कामगारांच्या तक्रारींना त्या काळच्या कागदावर जी जागा मिळू शकत होती, ती आजच्या शंभर वॉटच्या लहरींवर मिळत नाही. बिडीची मजुरी वाढली की घटली, हे ‘चालू घडामोडी’त मोडते.

निम्मे कार्यक्रम तरी स्थानिकांच्या सहभागाने तयार व्हावेत, या अटीचे मोल कमी नाही. एखादी विणकर स्त्री मागाविषयी आपल्या उर्दूत तासभर बोलते, तेव्हा जी सामग्री निर्माण होते ती कोणत्याही सर्वेक्षकाच्या प्रश्नावलीतून मिळावयाची नाही. तत्त्वांनुसार कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणे केंद्राला भाग आहे. हेतू तपासणीचा आहे. चौथ्या महिन्यात ते पुसले गेल्यास कोणत्याही नियमाचा भंग होत नाही, आणि ते मागून घेण्याची व्यवस्था करण्याची सूचना विद्यापीठांच्या भाषाविभागांना या तत्त्वांत कोठेही नाही.