यंत्रासारखी दिसणारी खुर्ची आणि यंत्रासाठी रचलेली खुर्ची

आधुनिक खुर्ची म्हटले की मार्सेल ब्रॉयरची पोलादी नळीची खुर्ची डोळ्यांसमोर येते. बाउहाउसमध्ये शिकवत असताना, १९२५ च्या सुमारास, सायकलच्या हँडलवरून त्याला ही कल्पना सुचली. पुढे ती ‘वासिली’ नावाने प्रसिद्ध झाली. चकचकीत नळी, ताणून बसवलेले कापडी पट्टे. पाहताक्षणी ती कारखान्याची वाटते. पण तुम्ही अभियंत्याच्या नजरेने पाहा. नळीचे वाक मोजा, जोड मोजा, वेगवेगळे पट्टे मोजा. प्रत्येक वाक आणि प्रत्येक जोड म्हणजे वेळ आणि खर्च.

आता मिखाएल टोनेटची १८५९ ची ‘क्रमांक १४’ घ्या. दिसायला साधी, वळणदार, लाकडी. भाग फक्त सहा, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. जोडणी माल पोहोचल्यावर होई. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या.

यामागची युक्ती समजून घ्या. लाकूड वाकवताना बाहेरच्या बाजूला ताण येतो आणि तेथेच ते फाटते. टोनेटने वाफवलेल्या बीच लाकडाच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट बसवली. ताण पट्टीने घेतला, लाकडावर मुख्यतः दाब राहिला. वाफवलेले लाकूड दाब बराच सोसते. म्हणजे खुर्चीची सुंदर वळणे ही सजावट नव्हे. ती प्रक्रियेतूनच आली आहेत.

वेताची बैठक मात्र हातानेच विणावी लागे, हे विसरू नका. घाऊक उत्पादन म्हणजे हात वगळणे नव्हे, कामाची नेमकी विभागणी करणे.

ब्रॉयरवर अन्याय नको. १९२८ च्या त्याच्या खुर्चीला मागचे पायच नाहीत. पोलादाच्या लवचिकतेवर बैठक तोलली आहे आणि बैठकीला पुन्हा लाकडी चौकट व वेताची जाळी आहे. ती पुढे टोनेट कंपनीनेच बनवली. तेथे नळी नुसती दिसत नाही, काम करते.

म्हणून माझे मत असे : ‘आधुनिक’ हा शब्द रूपावरून देऊ नका. तुमच्या पुढच्या प्रकल्पात वस्तूचे चित्र काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. भाग किती? जोडणी कोण करणार? एका खोक्यात किती मावतील?